नाव त्यांचं, भाडं आपलं



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतो आहे. कुणी नाशिकहून लिहितं, कुणी सांगलीहून, एक पत्र तर थेट इंदूरहून आलं आहे. मजकूर मात्र सगळ्यांचा सारखाच. मुलं मोठी झाली, दुपार मोकळी असते, शिकवण्याची आवड आहे, गाठीला थोडे पैसे आहेत. एका नावाजलेल्या नर्सरीची शाखा, म्हणजे हल्लीच्या भाषेत फ्रँचायझी, घ्यावी असं मनात आहे. घ्यावी का?

आता "घ्या" किंवा "घेऊ नका" असं एका शब्दात सांगणारी मी कोण? मी काही वकील नाही की हिशेबतपासनीस नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून अर्धवेळ शिकवणारी बाई. पण "तू शाळेत आहेस, तुला कळेल" असं म्हणून ओळखीतल्या तिघींनी आपापले करारनामे माझ्याकडे वाचायला आणून दिले होते. दुपारच्या वेळी हातात पेन्सिल घेऊन मी ते अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचले. तीन वेगळ्या कंपन्या, पण करारांची चाल जवळजवळ एकच. त्यातून जे लक्षात आलं ते आज सांगते. उदाहरण नर्सरीचं घेतलं आहे, कारण पत्रं त्याचीच आहेत. चहाचं दुकान, आइस्क्रीम पार्लर किंवा रक्ततपासणीचं केंद्र घेणारीलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे, फ्रँचायझी "विकत घेतली" असं आपण म्हणतो, ते काही खरं नाही. विकत घेतलेली वस्तू आपली होते. इथे आपण एक नाव ठरावीक वर्षांसाठी वापरायला घेतो. त्याबरोबर अभ्यासक्रम, भिंतींचे रंग, गणवेश, बाईंना दिलेलं प्रशिक्षण, असं सगळं येतं. मुदत संपली की पाटी उतरवायची. पाटीखालची जागा, बाकं, घसरगुंडी, कर्ज आणि पालकांच्या तक्रारी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्याच. थोडक्यात, आपण भाडेकरू. आणि भाड्याचं घर घेताना आपण नळाला पाणी किती वेळ येतं इथपासून चौकशी करतो, मग नाव भाड्याने घेताना का लाजायचं?

आता वही-पेन्सिल घ्या. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पण मांडणी अशीच करा.

समजा, वर्षाची फी ३०,००० रुपये आणि मुलं ४०. म्हणजे वर्षाला १२ लाख रुपये. ऐकायला किती छान वाटतं! कंपनीचा माणूस साधारण इथेच थांबतो आणि चहाचा कप खाली ठेवतो. आपण थांबायचं नाही. जागेचं भाडं महिना ४०,००० धरलं तर वर्षाचे ४,८०,०००. शाळा मे महिन्यात बंद असली तरी घरमालकाची सुट्टी नसते, हे विसरू नका. दोन शिक्षिका, प्रत्येकी १२,०००, म्हणजे वर्षाचे २,८८,०००. मावशींचे महिना ८,००० म्हणजे ९६,०००. वीज, सफाई, रंग, खेळण्यांची दुरुस्ती, पहिल्या उपचाराची पेटी, हे सगळं मिळून महिना ५,००० म्हणजे ६०,०००. झाले ९,२४,०००.

आता कंपनीचं देणं. रॉयल्टी २० टक्के धरू. तर १२ लाखांवर २,४०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३,२००. एकूण २,८३,२००. सगळी बेरीज केली की खर्च होतो १२,०७,२००. म्हणजे चाळीस मुलांचा भरलेला वर्ग, वर्षभराची दगदग, आणि वर्षाअखेर ७,२०० रुपयांची तूट! बाईंनी स्वतःच्या कष्टाचा एक पैसाही यात धरलेला नाही, आणि सुरुवातीला भरलेली रक्कमही धरलेली नाही.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, रॉयल्टी बहुतेक ठिकाणी जमा झालेल्या फीवर असते, नफ्यावर नाही. आपण तोट्यात असलो तरी कंपनीचा वाटा आधी निघतो. समजा पहिल्या वर्षी चाळीसऐवजी पंचवीसच मुलं आली. जमा ७,५०,०००. खर्च तोच ९,२४,०००, कारण भाडं आणि पगार मुलं मोजून कमी होत नाहीत. वर रॉयल्टी आणि कर १,७७,०००. तोटा साडेतीन लाखांच्या वर. आणि त्या तोट्याच्या वर्षातही कंपनीला, कर सोडून, दीड लाख मिळालेले असतात. त्यांना शाखा चालण्याची काळजी नसते असं मी म्हणणार नाही, पण त्यांची काळजी आणि आपली काळजी एका वजनाची नाही.

दुसरी गोष्ट करांची. नर्सरीच्या फीवर जीएसटी लागत नाही, कारण पूर्वप्राथमिक शिक्षणाला माफी आहे. हे ऐकून बरं वाटतं. पण म्हणूनच आपण कंपनीला जो १८ टक्के कर भरतो, तो आपल्याला वळता करून घेता येत नाही. किराणा दुकानदार किंवा कारखानदार आपण भरलेला कर पुढच्या करातून वजा करतो. आपण तो कुठून वजा करणार? तो आपल्या खिशातून गेला तो गेलाच. माहितीपत्रकात रकमेपुढे बारीक अक्षरांत "कर वेगळे" असं लिहिलेलं असतं, ते याचसाठी वाचायचं. तीन लाखांची सुरुवातीची फी असेल तर ५४,००० रुपये कराचेच होतात.

आता याच आकड्यांवरून एक प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या मते सगळ्या व्यवहाराची किल्ली या प्रश्नात आहे. कुणाचंही नाव न घेता, स्वतःच्या पाटीवर तोच वर्ग काढला, तोच खर्च, तीच फी, तर खर्च भागायला किती मुलं लागतील? ९,२४,००० भागिले ३०,०००, म्हणजे ३१. आणि नाव घेऊन? प्रत्येक मुलामागे रॉयल्टी आणि कराचे ७,०८० जाऊन हातात उरतात २२,९२०. मग लागतात ४१ मुलं. सुरुवातीची फी करासकट ३,५४,००० रुपये पाच वर्षांवर वाटली तर वर्षाला ७०,८०० वाढतात, आणि आकडा जातो ४४ वर. म्हणजे ते नाव दरवर्षी, न चुकता, तेरा मुलं जास्त आणणार असेल तरच आपण बरोबरीत. नफा त्याच्या पुढे. तुमच्या वस्तीत त्या नावाने तेरा मुलं जास्त येतील का, हे कंपनीच्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त चांगलं कळेल. मारुतीच्या देवळापाशी, भाजीवालीपाशी, बागेत झोपाळ्याजवळ उभ्या असलेल्या आयांना विचारा. आयांना नावाचं किती, आणि घरापासून पाच मिनिटांवर असल्याचं किती?

काही ठिकाणी नाव खरोखरच तेवढं काम करतं, हेही सांगायला हवं. नवी वसाहत, बदली होऊन आलेली कुटुंबं, कुणी कुणाला ओळखत नाही, अशा जागी पालक ओळखीच्या पाटीकडे आधी वळतात. शिवाय जिने कधी लहान मुलांना शिकवलेलं नाही तिला तयार अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण याचा मोठाच आधार असतो. पण जुन्या पेठेत, जिथे तुमच्या सासूबाईंना चार गल्ल्या ओळखतात, तिथे तुमचं स्वतःचं नाव काय कमी आहे?

"आमच्याकडे रॉयल्टीच नाही" अशीही जाहिरात दिसते. छान. मग कंपनी जगते कशावर? दप्तर, पुस्तकं, गणवेश, वर्षाचा संच, सगळं त्यांच्याकडूनच घेण्याची सक्ती असते, आणि किंमत तेच ठरवतात. कधीही वाढवतात. तेव्हा संचाचा भाव करारात लिहिलेला आहे का, वर्षाला किती वाढू शकतो, उरलेले संच परत घेतात का, हे पाहा. चहाच्या दुकानांतही मसाल्याचं पाकीट नेमकं याच चालीने येतं.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत असा नियम आहे की फ्रँचायझी देणाऱ्याने सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या निदान चौदा दिवस आधी एक माहितीपुस्तिका द्यायलाच हवी. तिच्यात तेवीस बाबी असतात. कंपनीवर कोणते खटले आहेत, तिचा ताळेबंद, सगळे खर्च, चालू शाखांचे पत्ते, आणि गेल्या वर्षभरात ज्यांनी शाखा सोडली त्यांचीही नावं. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, असे इकडचे तिकडचे कायदे मिळून काम भागवलं जातं. म्हणजे समोरचा आपण होऊन सगळं सांगेल अशी सोय नाही. विचारायचं आपणच. पण त्या तेवीस बाबींची यादी करून आपण विचारली, तर नको कोण म्हणतंय? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजा.

काही गोष्टी तर न विचारताही कळतात. ज्या नावासाठी लाखो रुपये मोजायचे, ते नाव त्यांचं आहे का हे आधी बघा. व्यापारचिन्हांची नोंद सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येते. शिक्षणसेवेचा वर्ग ४१ वा. नावाच्या बाजूला इंग्रजीतली छोटी "टीएम" ही अक्षरं दिसली म्हणजे नाव नोंदलेलं आहे असं नव्हे. ती कुणीही लावू शकतं. वर्तुळातलं "आर" मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, तसं लावणं बेकायदा आहे. नोंद कंपनीच्या नावावर आहे, की एखाद्या भागीदाराच्या, की भलत्याच कुणाच्या, हेही त्यातच दिसतं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिचा ताळेबंद थोडी फी भरून कंपनी खात्याकडून पाहता येतो. आपल्या ओळखीच्या सीएला सांगितलं तर तो काढून देईल. कंपनीचं बहुतेक उत्पन्न शाखांच्या रॉयल्टीतून येतं, की नव्या शाखा विकून मिळणाऱ्या सुरुवातीच्या फीमधून, एवढं एकच त्याला विचारा. दुसरा प्रकार असेल तर मी दोन पावलं मागे सरकेन.

पण खरी माहिती कागदांपेक्षा माणसांकडे असते. कंपनी तुम्हाला दोन-तीन शाखांचे पत्ते देईल, "जाऊन बघा" म्हणेल. जरूर जा, पण त्या निवडलेल्याच असणार. आपण मुलगी बघायला जातो तेव्हा काय दाखवतात ते आपल्याला माहीत आहे! तुम्ही स्वतः शोधून आणखी चार शाखांना भेट द्या. शाळा सुटायच्या वेळी जा, मुलं मोजा. आणि ज्यांनी शाखा बंद केली अशा एक-दोघी शोधून काढा. जुन्या पाट्यांचे पत्ते नेटवर तसेच राहिलेले असतात. त्यांना विचारा: अनामत परत मिळाली का? किती महिन्यांनी? सोडताना काय काय भरावं लागलं? नवीन बाईंचं प्रशिक्षण, नाताळच्या सुट्टीतली तपासणी, तक्रारीला दिलेलं उत्तर, हे पहिल्या वर्षानंतरही चालू राहिलं का? माझ्याकडे करार घेऊन आलेल्या तिघींपैकी एकीने एवढंच केलं. बंद पडलेल्या शाखेच्या बाई तिला भेटल्या, दीड तास बोलल्या. ती घरी आली आणि तिने तिच्या सहीची तारीख पुढे ढकलली. आज ती घराच्या पुढच्या खोलीत अठरा मुलांचा वर्ग घेते, स्वतःच्या पाटीवर. श्रीमंत झाली नाही, पण कुणाचं देणंही नाही.

करार हातात आला की कुठे थांबून वाचायचं ते सांगते.

मुदत. करार पाच वर्षांचा, आणि जागेचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. घरमालकाने बाराव्या महिन्यात "मुलीचं लग्न आहे, जागा हवी" म्हटलं, तर कंपनी थांबणार नाही. जागा बदलल्याची वेगळी फी मागते, नाहीतर करार मोडला म्हणते. तेव्हा लिव्ह अँड लायसन्स निदान तीन वर्षांचं करा. महाराष्ट्रात ते नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे, "नोटरी केली की झालं" हे ऐकू नका. आणि फ्लॅटमध्ये वर्ग काढणार असाल तर सोसायटीचं पत्र आधी घ्या. सगळी रंगरंगोटी झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांची झोपमोड होते असं कळलं, तर उपयोग नाही.

हद्द. तुमच्या शाखेपासून किती अंतरात ते दुसरी शाखा देणार नाहीत? तोंडी "हा सगळा भाग तुमचाच, ताई" असं म्हणतात. करारात बघावं तर एक ओळ नसते. हद्द नकाशावर रेघ मारून करारालाच जोडून घ्या.

तोंडी बोललेलं. बहुतेक करारांच्या शेवटी एक निरागस दिसणारं कलम असतं, की याआधी झालेलं सर्व बोलणं, पत्रव्यवहार, आश्वासनं रद्द असून हा करार हाच काय तो खरा. म्हणजे "सहा महिन्यांत पैसे वसूल", "प्रवेश आम्ही मिळवून देऊ", "जाहिरात आमची", हे सगळं सहीबरोबर हवेत विरतं. जे महत्त्वाचं वाटतं ते करारात लिहून घ्या. ते नाही म्हणाले तर का नाही म्हणाले, याचा विचार करा.

सोडायचं झालं तर. मला हा भाग सगळ्यात अवघड वाटतो, आणि वाचताना आपण नेमका हाच चाळून पुढे जातो. लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचं कोण बोलणार! पण आजारपण आहे, नवऱ्याची बदली आहे, सासऱ्यांची देखभाल आहे. मधेच सोडलं तर उरलेल्या सगळ्या वर्षांची रॉयल्टी भरा, असं मी डोळ्यांनी वाचलं आहे. दुसऱ्या कुणाला शाखा विकता येते का, आणि त्यात कंपनी किती घेते? आणि एक कलम शिक्षिकांनी दोनदा वाचावं: करार संपल्यावर इतकी वर्षं, इतक्या किलोमीटरच्या आत, तशाच प्रकारचा वर्ग काढायचा नाही. म्हणजे पाटी गेलीच, वर आपली शिकवण्याची विद्याही कुलपात. १८७२ च्या कायद्याच्या २७ व्या कलमानुसार कुणाला आपला धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्द ठरतो, आणि मुदत संपल्यानंतरच्या बंदीला आपली न्यायालयं सहसा मान्यता देत नाहीत. मात्र करार चालू असतानाची बंदी चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग आणि कोकाकोला यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे शाखा चालू असताना शेजारी स्वतःचा शिकवणी वर्ग काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या. आणि संपल्यानंतरची बंदी टिकणारी नसली, तरी कोर्टात जाऊन तसं म्हणायला पैसे आपल्यालाच लागणार. ते कलम काढून टाकायला सहीच्या आधी सांगणं स्वस्त पडतं.

कोर्ट कुठलं, हेही पाहा. तिन्ही करारांत वाद झाला तर लवाद नेमायचा असं होतं, आणि लवाद बसणार कंपनीच्या शहरात. एकात गुरुग्राम होतं. आता साताऱ्याच्या बाईंनी दोन लाखांच्या अनामतीसाठी गुरुग्रामला किती खेपा घालायच्या? गाव बदलून मागा. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच मिळत नाही.

कंपनीने करार मोडला तर काय, असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. मोठमोठ्यांवरही ती वेळ येते. मॅक्डोनल्ड्सने ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ दुकानांचा फ्रँचायझी करार रद्द केला. समोरची कंपनी म्हणजे त्यांचीच निम्मी भागीदारी असलेला उद्योग, वकील मोठे, पैसा मोठा, तरी समझोता व्हायला २०१९ उजाडलं. मग आपल्यासारखीने कोणत्या कारणांसाठी करार रद्द होऊ शकतो, आधी लेखी सूचना किती दिवसांची, आणि चूक सुधारायला मुदत मिळते का, या तीन गोष्टी तरी पक्क्या करून घ्याव्यात.

आणि करोना. मार्च २०२० मध्ये नर्सऱ्या बंद झाल्या त्या जवळजवळ दोन वर्षं. मुलं नाहीत, फी नाही, भाडं चालू. किमान रॉयल्टीचं कलम ज्यांच्या करारात होतं, म्हणजे फी जमा होवो न होवो एवढी रक्कम भरायचीच, त्यांच्या हालांना पारावार नव्हता. साथ, पूर, सरकारी बंदी अशा काळात देणं थांबेल, असं आपल्या बाजूनेही लिहिलेलं हवं. बहुतेक करारांत ते फक्त कंपनीच्या बाजूने असतं.

मुलांच्या बाबतीतली जबाबदारी तर सर्वस्वी आपली. २०२४ च्या बदलापूरच्या प्रकरणानंतर कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी यांविषयी आपल्याकडे कडक सूचना आल्या. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना नोंदणी करायला सांगितलं. "ते आमचं हेड ऑफिस बघतं" हे उत्तर ना अधिकाऱ्यापुढे चालतं, ना आईपुढे.

एक व्यावहारिक गोष्ट प्रवेशांची. नर्सरीचे प्रवेश हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत होतात आणि वर्ग जूनमध्ये भरतात. कंपनीचा माणूस मात्र बारा महिने "ऑफर या आठवड्यापुरतीच" म्हणत असतो. ऑगस्टमध्ये सही करून ऑक्टोबरमध्ये दार उघडलंत तर पुढच्या जूनपर्यंत रिकाम्या खोलीचं भाडं भराल. घाई त्यांची आहे, आपली नाही.

आता पैसे आणायचे कुठून, हा नाजूक प्रश्न. एका पत्रात पाटल्या आणि गोठ मोडण्याचा विचार लिहिला आहे, दुसरीत राहतं घर तारण ठेवण्याचा. मला विचाराल तर राहतं घर या धंद्यात अजिबात आणू नका. नवऱ्याची वैयक्तिक हमी मागणारं कलमही अशा करारांत लपलेलं असतं, तेही शोधा. सोन्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण वर्गाला पहिली दोन वर्षं तोटा झाला तर घरखर्च कशावर चालेल, याचं उत्तर वहीत लिहिल्याशिवाय सोनाराकडे जाऊ नका. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत अशा लहान सेवाव्यवसायांना तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. "शिशु" ५०,००० पर्यंत, "किशोर" ५ लाखांपर्यंत, "तरुण" १० लाखांपर्यंत. बँकेचा अधिकारी तुमचा हिशेब उलटसुलट तपासेल, चार शंका काढेल. काढू द्या. पगारी माणूस फुकटात आपली वही तपासतोय असं समजा.

जाहिरातीवरून पैसे पाठवण्याचं तर नावच काढू नका. अमूलच्या नावाने खोटी संकेतस्थळं काढून "फ्रँचायझी देतो" म्हणत लोकांकडून पैसे उकळले गेले, आणि अमूलला २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. नोंदणी फी म्हणून आधी काही हजार कुठल्या तरी खात्यात भरा, असं फोनवर सांगितलं, तर फोन ठेवा. कंपनीच्या कार्यालयात स्वतः जा. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या.

स्वतःच्या पाटीवर वर्ग काढायचा धीर होत नाही, असंही काहीजणींनी लिहिलं आहे. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीसारख्या गावात बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर. त्यांच्याइतकं मोठं काम आपल्याकडून होणार नाही, हे कबूल. पण अठरा-वीस मुलांच्या वर्गाला लागतं काय? बालशिक्षणाचा एखादा नीट अभ्यासक्रम स्वतः पूर्ण करावा, आधी सहा महिने कुणाच्या तरी वर्गात मदतनीस म्हणून काम करावं. रॉयल्टीच्या एका वर्षाच्या पैशांत दोन्ही होऊन उरतं. आणि हे सगळं करूनही फ्रँचायझीच बरी वाटली, तर बेलाशक घ्या, पण मग करार आपल्या वकिलाकडून वाचून घ्या, कंपनीने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. प्रत्येक पानावर सही होते ना ते पाहा. सही-शिक्क्याची मूळ प्रत आपल्या कपाटात ठेवा, "नंतर पोस्टाने पाठवतो" यावर भागवू नका.

इंदूरच्या ताईंनी करारनाम्याची प्रतच पत्रासोबत जोडली आहे. त्यातल्या अनामतीच्या कलमाविषयी त्यांना वेगळं पत्र टाकते आहे. बाकी भाडेकराराबद्दलची पत्रं बरीच साठली आहेत, ती पुढच्या आठवड्यात घेऊ.